पिंगळ्यांची ढोली

सोपानराव बांबूच्या टोकाला बांधलेला पेटता बोळा शिरीषाच्या ढोलीत सारणार, तेवढ्यात भीमराजने मागून त्यांचा सदरा धरून त्यांना ओढलं. म्हातारा बाकाच्या कडेवर आपटला. गवतात पडलेला बोळा भीमराजने चपलेने चिरडला, बांबू उचलला आणि म्हाताऱ्याच्या पाठीवर, दंडावर, हाताला येईल तसा हाणला.

वर पिंगळ्यांची, त्या छोट्या घुबडांची, जोडी चिरक्या आवाजात ओरडत विजेच्या तारेवर जाऊन बसली. पुनावळ्याच्या त्या बागेत ती जोडी पहिल्यांदा धम्मरत्नने पाहिली होती, भीमराजच्या मुलाने. शिफ्ट सुटली की तो बापाला मुद्दाम इकडे घेऊन यायचा. तीन महिन्यांपूर्वी चाकणच्या कंपनीत तो पत्रा दाबायच्या प्रेसखाली सापडून गेला. बाप त्याच लाइनवर होता. ढोलीत पिलं झाली ती त्याच्या माघारी.

तेव्हापासून भीमराज रोज दिवस कलताना इथे येऊन बसे. घरी त्याच्या डोळ्यांतून टिपूस निघाला नव्हता. इथे पिलांनी ढोलीतून तोंडं काढली की तो लाजलज्जा सोडून रडायचा. शेजारी सोपानराव असत, गावचे जुने रहिवासी. काही न विचारता ते तंबाखूची डबी पुढे करत. परक्याने ढोलीत जाळ घालायचं केलं असतं तर भीमराजने शिवी देऊन सोडलं असतं. ह्या माणसाने केलं म्हणूनच त्याचं डोकं फिरलं होतं.

म्हाताऱ्याची भुवई फुटली होती. त्यांनी हात उगारला नाही, की कुणाला हाक मारली नाही.

"का केलंत? बोला, नाहीतर जीव घेईन."

"तुझ्यासाठीच केलं रं," सोपानराव म्हणाले. "ही पाखरं झाडावर आली अन् तुझं पोरगं गेलं. आता ह्यांचा वंश वाढला. तुझ्या घरात अजून लेक हाय. अपशकुनी पाखरू एकावर थांबत न्हाई."

भीमराजने बांबू पुन्हा उगारला. शकुन-अपशकुन त्याच्या वडिलांनीच घराबाहेर काढले होते. एरवी त्याने ह्यावरून म्हाताऱ्याशी तासभर वाद घातला असता. आज मात्र, पोराला पाखरानेच खाल्लं असतं तर किती बरं झालं असतं, असं त्याच्या मनात आलं. त्या विचाराची त्याला इतकी किळस आली की हात आपोआप खाली आला.

"पाखराचं नाव घेऊ नका," तो म्हणाला. "प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दाबली तरच ती खाली येते, म्हणजे हात आत सापडत नाही. टार्गेट होईना, म्हणून एक बटण मी चिकटपट्टीनं दाबून ठेवलं होतं. मशीन लावून देणारा सेटर मीच. अडकलेला पत्रा काढायला पोरगं आत वाकलं अन् दुसऱ्या बटणावर त्याचं कोपर पडलं. साहेब यायच्या आत मी पट्टी सोलून टाकली. चौकशीत पोराचा निष्काळजीपणा लिहिला. त्याखाली माझी सही आहे."

सोपानराव बाकाला धरून उठून बसले. भुवईवरचं रक्त गालावर आलं, तरी त्यांनी ते पुसलं नाही.

"पोराच्या आईला ठावं हाय?"

"नाही," भीमराज म्हणाला. "ती अजून त्यालाच बोल लावते. लहानपणापासून धांदरटच होता म्हणते."