मानेवरून कपाळावर

मित्रांनो, मी डोक्यावरचा एक केस आहे. माझा जन्म एका शिंप्याच्या डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या जरा वर झाला. आमची वस्ती दाट आणि सुखी होती. पुढच्या बाजूला मात्र रोज मुडदे पडत. कंगवा फिरला की पाच-पन्नास जण खलास.

एके सकाळी डॉक्टरीणबाईंनी आमची वस्ती भादरली. पोकळ सुई माझ्याभोवती गरागरा फिरवून मला मुळासकट उपटलं. रक्त वाहिलं. मग कपाळाच्या वर भोक पाडून मला त्यात खुपसलं.

"दुखतंय का?" बाईंनी शिंप्याला विचारलं.

"छे. बाही जोडल्यासारखं वाटतंय."

भोसकलं मला होतं. पण माझं मत कुणी विचारलं नाही.

"हे लावलेले केस टिकतील," बाई म्हणाल्या. "पण मधले जुने औषधावर जगताहेत. गोळी आणि थेंब बंद करू नका."

त्या जुन्यांपैकीच बारक्या माझा शेजारी होता. "बस दादा," तो म्हणाला. "खपली पडेपर्यंत हलू नकोस."

काही आठवड्यांनी माझं धड गळालं. मूळ आत दबा धरून राहिलं आणि काही महिन्यांनी मी पुन्हा उगवलो. शिंपी आरशासमोरून हलेना. मग त्यानं धंद्यातलं डोकं चालवलं. पक्की शिलाई झाली की कच्चा टाका उसवायचा असतो. औषध म्हणजे कच्चा टाका. त्यानं गोळ्या फेकल्या आणि थेंबांची बाटली कोरफडीच्या कुंडीत ओतली. कोरफडीला केस आले नाहीत. ती मेली.

मग कत्तल सुरू झाली. बारक्याचे भाऊ उशीवर मेले. चुलते न्हाणीघराच्या जाळीत गुदमरले. बारक्या दिवसेंदिवस सुकत माझ्या अंगावर कलला. आम्ही लावलेले तेवढे पुढे रांगेत ताठ उभे, आणि मागे उघडं मैदान.

शिंप्याच्या बायकोनं एकदा ते वरून पाहिलं. "अहो, हे काय? खिसा शिवलाय आणि सदराच नाही."

शिंपी त्याच दिवशी डॉक्टरीणबाईंकडे गेला. औषध पुन्हा सुरू झालं. गेलेले बहुतेक परतले नाहीत.

आता रोज डोकं कोरडं झालं की बायको थेंब सोडते. मला त्याची गरज नाही. माझ्यावर पडला की मी वाकतो आणि तो बारक्याच्या मुळाशी सोडतो.

मित्रांनो, नवे आले म्हणून जुन्यांचं औषध तोडू नका. आणि कंगवा जरा हळू फिरवा. बारक्या अजून आधाराशिवाय उभा राहत नाही.