वीस पिशव्यांची माती

आमच्या मालकांना लाज कशाची वाटेल याचा नेम नाही. चारचौघांत घोरताना वाटत नाही, पण रानाच्या खालच्या कोपऱ्याची वाटते. कॅनॉलचं पाणी मुरून मुरून तिथं मीठ वर आलंय. माती पांढरी पडलीय आणि कपाशी गुडघ्याच्या वर जात नाही.

दोन वर्षांमागं एका संस्थेची रुपाली नावाची मुलगी आली. शेतात कुठं काय बिघडलंय याचा रंगीत नकाशा करायचा आणि लाल निघेल तिथं जमिनीखालून निचऱ्याचे पाइप फुकट घालून द्यायचे, असं काम होतं. मोबाईलवर जागा बघून तिनं रानात वीस झेंड्या रोवल्या, प्रत्येकीपाशी नंबराची पिशवी ठेवली. झेंडीखालचीच माती भरा, उद्या नेते, म्हणाली.

नकाशे गावासमोर पडद्यावर दाखवणार, हे कळलं आणि मालकांचं बिनसलं. माझ्या सासऱ्यांना जमिनीची पारख करायला गावोगावचे लोक न्यायचे. त्यांच्याच रानाला लाल डाग? खालच्या सहा पिशव्या त्यांनी मला विहिरीजवळच्या काळ्या मातीनं भरायला लावल्या. हा वेडेपणा आहे, असं मी म्हटलं. तरी भरल्या, गाठीही मीच मारल्या.

सभेत आमचं रान हिरवंगार दिसलं. शेजारच्या गहिनीनाथांचं निम्मं लाल निघालं, लोक हसले. रुपाली मात्र अडखळली.

"काका, उपग्रहाच्या फोटोत तुमचा कोपरा पांढरा दिसतो. पिशव्यांत तसं काही नाही. खरं काय धरू?"

"पिशव्या धर," मालक म्हणाले.

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी पदर सारखा केला. त्या गप्प बसण्याची मला आजही चीड येते.

पाइप गहिनीनाथांना मिळाले. गेल्या हंगामात त्यांची कपाशी खांद्याला लागली आणि आमचं पांढरं विहिरीपर्यंत आलं. मालकांना चोरून मी रुपालीला फोन केला, सगळं सांगितलं.  ती म्हणाली, काकू, ती योजना बंद झाली.

यंदा विहिरीजवळ, जिथून पिशव्या भरल्या तिथंच, मी सरकी टोबली होती. ती उगवलीच नाही. रिकाम्या जागी पुन्हा बी टोबत होते, तर मालक येऊन बांधावर उभे राहिले. घरात भिंतीवर लावलेला तो हिरवा नकाशा त्यांना आता खराच वाटतो.

"जमीन चांगली हाय," ते म्हणाले. "तुझा हातगुणच न्हाई."

मी वर पाहिलं नाही. पुढचं बी टोबलं.