कळकाच्या आडोशाला

मित्रांनो, माझ्या अंगावर एकही काटा नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. मी मानगा जातीच्या बांबूचे बेट. खोपोलीच्या अलीकडे, घाटाच्या पायथ्याशी इंदूबाईची केळीची वाडी आहे, तिच्या कडेला मी उभा आहे. वय झाले आहे, बुंध्यात पोकळ्या पडल्या आहेत, पण एका गोष्टीची शिसारी अजून गेलेली नाही. तिचीच ही हकिगत.

इंदूबाईने मला एकोणीसशे बावन्न साली लावले. नवरा नुकताच गेला होता आणि मुलगा सहदेव रांगत होता. तिची मिळकत म्हणजे केळीची पाने. श्रावणातले सोमवार, गौरी-गणपती, पितृपक्ष, सगळ्याला खोपोलीच्या खानावळीत तिची पाने जात. पान अखंड हवे. फाटलेल्या पानावर कोणी जेवत नाही. आणि आमच्याकडे आषाढात पाताळगंगेच्या पात्रावरून असा वारा सुटतो, की केळीच्या पानाच्या एका दिवसात चिंध्या होतात.

म्हणून तिने तीन जातींचे बांबू ओळीने लावले. पश्चिमेला, वाऱ्याच्या तोंडावर काटेरी कळक. त्याच्या मागे बारीक, भरीव मेस. आणि केळींना लागून मी. माझा कंद तिने कर्जतहून, माहेरून, मांडीवर घेऊन आणला होता. कळकाचा कंद मात्र डोंगरातल्या कोणीतरी पाटीत टाकून दिला. हा फरक मी जन्मभर विसरलो नाही.

मी वाढलो सरळ. माझ्या काठीच्या टोपल्या कशेळ्याच्या बाजारात हातोहात जात. बुरूड माझ्या कांड्यावरून हात फिरवी आणि म्हणे, "लोन्यावानी चिरतो हा." मी फुगत असे. कळकाला कोणी हात लावत नसे. त्याच्या काट्यांत शेळ्यांचे केस, चिंध्या आणि सापाची कात अडकलेली. ते पाहूनच मला कसेसे होई.

पण खरी घाण ज्येष्ठात सुरू होई. बगळे येत, शेकड्यांनी, आणि बरोबर कळकावरच घरटी करत. पिल्ले ओकत. अर्धवट पचलेले बेडूक आणि सडके मासे टपटप खाली पडत. विष्ठेने कळक वरून पांढरा होई आणि वारा ती माझ्या पानांवर आणून शिंपडी. घोंगावणाऱ्या माश्या, आणि त्यावर तो आंबूस, कुजका वास. मित्रांनो, मला नाक नाही, पण पानापानाला तो वास लागतो. हा शेजारी एकदाचा मरावा, असे मी दर पावसाळ्यात मनात म्हणत आलो.

एकोणीसशे एकाहत्तर साली सहदेवचे लग्न झाले. तो खोपोलीच्या एका कारखान्यात लागला होता. बायको जना कशेळ्याकडची. पुढच्या ज्येष्ठात तिला पाचवा महिना होता, आणि तेव्हाच बगळे आले. वाऱ्याबरोबर वास थेट चुलीपर्यंत पोचे. तिच्या पोटात घास ठरेना. भात पुढे आला की ती उठून मागल्या दारी ओकायला धावे. गालफडे बसली. इंदूबाईने लिंबू दिले, कोकम दिले, काही उपयोग झाला नाही.

सहदेवने एके सकाळी कोयता घासायला घेतला. इंदूबाई आडवी आली.

"कळकाला हात लावू नको रं. घान करतो, कबूल हाय. पन आषाढाचा वारा तोच छातीवर घेतो."

"मागं मानगा हाय ना, आये? चांगला उंच हाय. बायको मरू द्यायची काय बगळ्यांपायी?"

इंदूबाई बाजूला झाली. मी मात्र मनातून डोललो. उंच मी होतोच.

सहदेवने कारखान्यातला मोरू सोबत घेतला आणि दोन दिवसांत कळक बुंध्यापासून तोडला. घरटी धपाधप कोसळली. पिसे न फुटलेली, गुलाबी, फुगल्या पोटांची पिल्ले चिखलात वळवळत पडली, आणि कावळे त्यांना जिवंतपणी फाडू लागले. मोरू तिथेच ओकला. इतके किळसवाणे दृश्य मी पुन्हा पाहिले नाही. तरीही मी खूश होतो. त्या किळसवाण्या दृश्यात माझाही वाटा आहे, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही.

आषाढात वारा आला. कळकाच्या काटेरी फांद्या एकमेकींत गुंतलेल्या असत, त्यामुळे सगळे बेट एकवटून वारा अडवी. माझी प्रत्येक काठी सुटी. पहिल्या दिवशी मेस वाकला. दुसऱ्या दिवशी मी अर्धा आडवा झालो, तोही केळींवरच. वाचलेल्या केळींच्या पानांच्या झिरमिळ्या झाल्या. त्या श्रावणात खानावळीला एक पान गेले नाही. वीस वर्षे स्वतःच्या वाडीत राबलेली इंदूबाई दुसऱ्याच्या शेतात लावणीला गेली.

जना उंबऱ्यात बसून म्हणाली, "माज्यामुळं झालं, आये."

"तुज्या पोटात अन्न ठरत नव्हतं गं, तू काय करशील?" इंदूबाई म्हणाली. "चूक माजी. दर माघात आत शिरून मेलेल्या काठ्या काढायच्या असत्यात. पावसात खाली घानीवर राख टाकायची असती, वास दबतो. मानग्याचं मी समदं केलं. त्याच्याकडं गेले नाय. मलाबी घानच वाटायची."

हे ऐकून मला स्वतःचा वीट आला. माझ्या बुंध्याशी दर वर्षी नवी माती पडे, आणि कळक वीस वर्षे आपल्याच मेलेल्या काठ्यांत उभा होता.

श्रावणाच्या शेवटी कळकाच्या खोडातून सात कोंब वर आले. भाजीसाठी ते काढायला बायका आल्या, तेव्हा अवघडलेली जना पुढे होऊन म्हणाली, "ह्यातला एकबी मिळनार नाय." मग तिने तोडलेल्या काटेरी फांद्या ओढत आणल्या आणि कोंबांभोवती रचल्या. हात रक्ताळले. सहदेव घरी आला आणि उरलेल्या फांद्या त्याने ओढल्या.

कळक पुन्हा वाऱ्याच्या तोंडावर उभा राहायला सहा वर्षे लागली. सातव्या ज्येष्ठात बगळे परतले, आणि तोच वास. जनाने नाकाला पदर बांधला, राखेची पाटी उचलली आणि ती कळकाखाली गेली. त्या श्रावणात इंदूबाईने अखंड पानांचा पहिला भारा बांधला.

मित्रांनो, मला कळकाची किळस अजूनही येते, खोटे कशाला बोलू? पण आता वारा सुटला की मी त्याच्याकडे पाहतो. तुम्हालाही ज्याची घाण वाटते, त्याच्यावर कोयता उचलण्याआधी एकदा त्याच्या मागे जाऊन उभे राहा. तिथे वारा लागत नसेल, तर कोयता ठेवा आणि राखेची पाटी घ्या.