लॉरेटची गाठ

“हसायचंच असेल तर बाहेर जाऊन हस,” लॉरेट म्हणाली.

ती स्वयंपाकघरात मधोमध स्टुलावर बसली होती. अंगात लोकरीचा बनियन, त्यावर लोकरीचाच स्वेटर, पायात गेलेल्या नवऱ्याचे दोन नंबर मोठे बूट आणि डाव्या बुटाखाली बर्फजोडा, भुसभुशीत बर्फात पाय रुतू नये म्हणून बांधतात तो रुंद, जाळीचा. बाहेर उणे चौदा, आत शेगडी पेटलेली. घामाने तिचा चेहरा लालबुंद झाला होता. जोड्याची चामडी वादी बुटावरून घेऊन तिला गाठ मारायची होती आणि बोटं काही ऐकत नव्हती.

मी ओदेत, तिची शेजारीण. तीस वर्षं आम्ही अशाच बर्फजोड्यांच्या कारखान्यात समोरासमोर काढली. ती वाकवलेल्या लाकडी चौकटीत कच्च्या चामड्याची जाळी विणायची, मी त्यावर व्हार्निश फासायचे. चामडं ओलं असतानाच विणावं लागतं, त्यामुळे तिचे हात दिवसभर गार पाण्यात. तिने विणलेले जोडे घालून लोक कुठले कुठले डोंगर हिंडून आले असतील, ती स्वतः मात्र एकदाही गेली नाही. आधी मुलं लहान, मग नवऱ्याचं आजारपण, आणि रविवारी इस्त्रीचा ढीग. कारखाना बंद झाला त्या दिवशी तिने आपल्या हातचा शेवटचा जोड साहेबांकडून मागून घेतला. अकरा वर्षं तो दाराशेजारच्या खिळ्याला लटकत होता.

यंदा नगरपालिकेने साठीच्या पुढच्यांसाठी बर्फात चालायचा वर्ग काढला. पहिल्या मंगळवारी एतिएन नावाच्या तरुण शिक्षकाने हॉलमध्ये बसवून फक्त कपडे कसे घालायचे ते सांगितलं. अंगाला सुती काही लावायचं नाही, घामाने ओलं झालं की ते वाळत नाही. निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे, नाहीतर जास्त घातलंय असं समजायचं. जन्म बर्फात गेला आणि हा आम्हाला कपडे घालायला शिकवतोय, असं मी कुजबुजले, पण लॉरेट सगळं वहीत उतरवून घेत होती. शेवटचा नियमही तिने उतरवला, तेव्हा तिची पेन्सिल जरा थांबली. ज्याला आपले जोडे आपल्या हातांनी बांधता येतील, तोच रानात येणार. बाकीच्यांनी हॉलमध्ये कॉफी पीत थांबायचं.

एतिएनने तिला प्लास्टिकच्या पट्ट्यांचे जोडे देऊ केले होते, खटकन बसणारे. मी विणलेले असताना दुसऱ्याचे कशाला घालू, असं तिने त्याला तोंडावर सांगितलं. आणि आता आठवडाभर रोज माझ्यासमोर ही कसरत चालली होती. गाठ एकदाही बसली नव्हती.

“मी बांधून देते. त्याला कळणार पण नाही,” मी म्हटलं.

“मग रानात तूच जा.”

मंगळवारी सकाळी निघताना तिने दारात स्वेटर उतरवला, पातळ जाकीट चढवलं आणि वहीत लिहिल्याप्रमाणे कुडकुडत चालू लागली. हॉलमागच्या बर्फात सगळ्यांच्या पट्ट्या खटाखट बसल्या, माझ्याही. लॉरेट गुडघ्यावर बसली. हातमोजे घालून जमेना, म्हणून तिने ते काढले. वादी दोनदा निसटली. सगळे थांबले होते. एतिएन मदतीला वाकू लागला, तशी मी त्याची बाही धरली.

लॉरेटने डोळे मिटले आणि वादीचं टोक दातांत धरलं. कारखान्यात विणायच्या बाकावर ती असंच करायची. दातांनी ताण द्यायचा आणि बोटांनी वेढा घालायचा. आठवडाभर ती डोळ्यांनी बघून बांधत होती, तिथेच चुकत होती. एक गाठ बसली. मग दुसऱ्या पायाची.

एतिएनने वादी ओढून पाहिली, पुन्हा ओढली.

“चला मॅडम,” तो म्हणाला. “तुम्ही पुढे व्हा.”

ती पुढे झाली. तासभर ती सारखी थांबून मागे बघत होती. बर्फात तिच्या जाळीचे ठसे उमटत होते. मला तिचा हेवा वाटला. व्हार्निशचा ठसा कुठे उमटतो?

ती जोडे घालूनच घरी आली आणि गाठी सुटेनात. कारखान्यातली गाठ सुटण्यासाठी मारलेलीच नसते, हे तिच्याही लक्षात राहिलं नव्हतं. मी हसून हसून ओट्याला टेकले आणि सुरी घेऊन आले.

“कापायचं नाही,” ती म्हणाली. “बूट ढिले कर.”

नवऱ्याचे बूट मोठे होते म्हणून बरं. नाड्या सोडल्यावर तिचे पाय अलगद बाहेर आले.

“पुढच्या मंगळवारी एतिएनला काय सांगशील?”

“बांधलेलेच आहेत म्हणून.”

तिने जोडे बुटांसकट उचलले आणि खिळ्याला अडकवले. जाळीत अडकून आलेला रानातला बर्फ वितळून फरशीवर ठिबकत होता. सुजलेली बोटं काखेत धरून ती मोज्यांवरच त्या ओल्यात उभी राहिली. मी फडकं आणलं, पण तिने मला पुसू दिलं नाही.