वाढती चोखणी

ही गोष्ट एकोणीसशे एकाहत्तर सालची. परगावी फोन करायचा तर आधी ऑपरेटरला नंबर सांगायचा आणि ती लावून देईपर्यंत फोनजवळ बसून राहायचं, असा तो काळ. त्या वर्षी घड्याळजींच्या सुनेनं टेलिफोन एक्स्चेंजच्या आवाजाच्या परीक्षेत चाळीस जणींत पहिला नंबर काढला आणि 'पुढच्या महिन्याच्या एक तारखेला हजर व्हावे' असं पत्र तिच्या हातात पडलं. हजर न झाल्यास जागा दुसऱ्या नंबराला जाईल, हेही त्यात खाली बारीक अक्षरांत होतं. पत्र आलं पंधरा तारखेला. नोकरी आणि सून यांच्या मध्ये उरले सोळा दिवस आणि रबराची एक गुलाबी चोखणी.

चोखणी भुंगीची. भुंगी म्हणजे सुनेची अडीच वर्षांची लेक. चोखणी तोंडात ठेवून ती उठल्यापासून झोपेपर्यंत गुणगुणायची, म्हणून तिला सगळे भुंगी म्हणत. ती कुठं आहे हे बघावं लागत नसे, नुसतं ऐकलं तरी पुरे.

पुढं घड्याळांचं दुकान, मध्ये हिरवा पडदा, मागं दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, एवढं ते घर. दुकानात भुंगीला सक्त मनाई होती. एकदा तिनं एका गिऱ्हाइकाच्या मनगटी घड्याळाचा स्क्रू गिळला होता आणि तो परत मिळेपर्यंत घड्याळजी दोन दिवस त्या गृहस्थांना "पार्ट मागवलाय, येईल" असं सांगत होते. सासूबाईंचं डोळ्याचं ऑपरेशन नेमकं पुढच्याच आठवड्यात ठरलेलं. त्यानंतर दोन महिने वाकायचं नाही, उचलायचं नाही. नवरा वीजमीटर वाचायला दिवसभर लोकांच्या जिन्याखाली. तेव्हा भुंगीला बालवाडीत घालण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि बालवाडीच्या बाई दारातच म्हणाल्या, "तोंडात काही घेऊन येणारं मूल मी घेत नाही. गेल्या वर्षी एकाची चोखणी अकरा जणांनी वाटून चोखली. तोंडं येऊन आठवडाभर अकराही मुलं जेवेनात. अकरा आया माझ्या उंबऱ्यावर. नको रे बाबा!"

त्या संध्याकाळी जेवताना घरात सभा भरली.

"फेकून द्या," नवरा म्हणाला. "एक दिवस रडेल."

"तू चार वर्षांचा होईस्तोवर अंगठा चोखत होतास. तुझा अंगठा फेकला का कुणी?" सासूबाई म्हणाल्या.

"कडू काहीतरी लावूया का?" सुनेनं विचारलं.

घड्याळजींचं जेवण तोवर उरकलं होतं. चाळीस वर्षं एका डोळ्याला भिंग लावून बसलेला माणूस. जगात घाईनं केलेलं काहीही टिकत नाही, यावर त्यांची ठाम श्रद्धा. त्यांनी हात धुतले, पुसले आणि म्हणाले, "घड्याळाचा अडकलेला काटा कुणी ओढतं का? दाता-दातानं पुढं न्यायचा. चोखणीचं बोंड अठ्ठावीस मिलिमीटर आहे, मी मोजलंय. रोज सकाळी दोन मिलिमीटर कापायचं, कड घासून गुळगुळीत करायची. चौदा दिवसांत शून्य. दोन दिवस हाताशी राहतात. पोरीला कळणारसुद्धा नाही."

हे इतकं शास्त्रशुद्ध होतं की कुणाला तोंड उघडायला जागाच राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता पहिली कापणी झाली. भुंगीच्या तोंडातून चोखणी काढायची, दुकानात न्यायची, कॅलिपर लावून मोजायची, कापायची, घासायची, उकळायची आणि वहीत तारीख घालून आकडा मांडायचा. सव्वीस. मग चोवीस. तिसऱ्या दिवशी बावीस. घड्याळजींच्या चेहऱ्यावर समाधान मावेना.

ते सकाळी सातचं समाधान होतं. दुपारी दोनला भुंगीला सांभाळायला सून एकटी असायची. भोक पडलेली चोखणी काही ओढ देईना. भुंगी ती तोंडात घाले, बाहेर काढून बघे, आणि हिरमुसून पुन्हा घाले. तिसऱ्या दुपारी तिनं भोकाड पसरलं ते दोनपासून चारपर्यंत. सून पाणावलेल्या डोळ्यांनी उठली, पोरीला कडेवर घेतलं आणि कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडून तशीच एक नवी गुलाबी चोखणी घेऊन आली.

"कुणाला सांगू नका हं," ती औषधवाल्याला म्हणाली.

"छे छे! या काउंटरवर काय काय ऐकलंय मी. सगळं इथंच राहतं," औषधवाले म्हणाले.

जुनी चोखणी तिनं धुण्याच्या सोड्याच्या डब्यात दडवली. पहाटे सहाला उठून नव्या चोखणीचं बोंड नखं कापायच्या कात्रीनं अंदाजे बावीसवर आणलं. चोरी साधली असं तिला वाटलं.

सातला घड्याळजींनी कॅलिपर लावला आणि भिंग वर सरकवलं. "तेवीस?"

"तेवीस?" सून म्हणाली.

"काल बावीसवर सोडली होती. एक वाढली." त्यांनी खिडकीतून उन्हाकडे पाहिलं. चाळीस वर्षांचा अनुभव काही उगाच नसतो. "उकाडा! घड्याळाचा लोलकसुद्धा उन्हाळ्यात लांबतो. हे तर रबर आहे. उद्यापासून आधी पंधरा मिनिटं गार पाण्यात, मग माप."

सासऱ्यांचं बोलणं खोडायचं म्हणजे आपली लबाडी सांगायची. सुनेनं मुकाट्यानं गार पाणी आणून दिलं.

पण पाचव्या दिवशी कहरच झाला. आकडा जुळावा म्हणून सुनेनं पहाटे स्वतःच्या हातांनी वीसवर आणलेली चोखणी सातला भरली सत्तावीस. ती चक्रावून गेली. सहाव्या दिवशी एकोणीस. सातव्या दिवशी पुरी अठ्ठावीस, जणू कुणी कात्री लावलीच नव्हती. घड्याळजी वहीत आकडे मांडत होते आणि दिवसागणिक त्यांचं तोंड उतरत होतं.

"उकाडा नव्हे," ते अखेर म्हणाले. "कारण लाळ आहे. लाळेनं रबर फुगतं."

"इतकं?" नवऱ्यानं विचारलं. त्याचं लक्ष ताटातच होतं.

"आकडे खोटं बोलत नाहीत. तू मीटर वाचतोस, तुला कळायला हवं."

"हो, म्हणजे... फुगतही असेल," नवरा म्हणाला. सासूबाई पाण्याचा तांब्या आणायला उठल्या. तांब्या समोरच होता.

सुनेला हळूहळू स्वतःच्याच कात्रीची शंका यायला लागली. खरंच फुगत असेल का रबर? दिवस मात्र फुगत नव्हते, ते कमीच होत होते. नऊ राहिले, सात राहिले. सासूबाईंना तपासणीसाठी दवाखान्यात नेऊन आणलं. ऑपरेशनला अजून नंबर लागत नव्हता, डॉक्टरांनी ते पुढच्या महिन्यावर ढकललं. एक्स्चेंजचं पत्र आरशाला खोचून ठेवलं होतं. केस विंचरताना रोज ते दिसायचं आणि पुढं भिंतीशी बसलेली भुंगी मजेत गुणगुणताना ऐकू यायची. दुसऱ्या नंबराची ती बाई कोण असेल, हे सून मनात रंगवू लागली. उंच असावी. निर्दयही असावी. मूलबाळ नसणार.

अठ्ठावीस तारखेला औषधवाले आपलं घड्याळ घेऊन दुकानात आले. सून पडद्याआड घड्याळजींचा चहा घेऊन उभी होती.

"अभिनंदन बरं का घड्याळजी!" औषधवाले म्हणाले. "अगदी पत्ता लागू दिला नाहीत. जुळी की काय?"

"कसली जुळी?"

"आता माझ्यापासून काय लपवता? या पंधरवड्यात सहा चोखण्या गेल्या तुमच्या घरी. कपाटातल्या संपल्या हो. पुढच्या खेपेला डझनभरच मागवून ठेवू का, एवढं विचारायला आलो."

दुकानातली सगळी घड्याळं त्यानंतर फार मोठ्यानं टिकटिक करत होती, असं सून पुढं कायम सांगायची. औषधवाल्यांना आपण काय बोलून बसलो ते कळलं. ते घड्याळ तसंच काउंटरवर टाकून निघून गेले.

सून पडदा सारून पुढं आली. "मामंजी, माझी चूक झाली. मी एक आणली होती. एकच! तिसऱ्या दिवशी. ती फार रडत होती हो."

"एक?" घड्याळजी म्हणाले. "तो सहा म्हणाला."

मागच्या खोलीत सासूबाई खाटेवर बसल्या होत्या. त्या दाराकडे न बघताच म्हणाल्या, "माझी औषधांच्या खोक्यात आहे. दोन आणल्या होत्या, एक भुंगीनं मोरीत टाकली. तुम्ही दुपारी झोपता आणि ही धुणं धुते तेव्हा द्यायचे. दुपारची झोप मोडली की तुम्हीच वैतागता ना?"

संध्याकाळी नवरा आला. त्याला काही विचारायच्या आत त्यानं सगळ्यांचे चेहरे पाहिले आणि मीटरच्या पिशवीतून, पावतीपुस्तकाखालून, एक चोखणी काढून टेबलावर ठेवली. "सकाळी साडेसहाला बाहेर पडायच्या आधी मधूनमधून बदलायचो," तो म्हणाला. "बिचारीच्या तोंडात सारखी कापलेलीच असायची. मला वाटलं, बाबाच जास्त कापतायत."

"मी सहाला कापत होते ती!" सून ओरडली.

"मला काय ठाऊक?"

घड्याळजींनी डोक्याला हात लावला. "लाळ," ते म्हणाले. "आठवडाभर मी लाळेवर विचार करतोय."

पण हिशेब अजून जुळत नव्हता. नवऱ्यानं बोटांवर मोजलं. "हिची एक, कापून संपलेली जी मी काल टाकून दिली तीच असणार. आईच्या दोन, माझी एक. आत्ता भुंगीच्या तोंडात आहे ती मी काल दुसरी आणली. पाच झाल्या. सहावी कुणाची?"

सासूबाई उठल्या, भिंतीला धरून दुकानात गेल्या आणि घड्याळं धुळीपासून जपायला ठेवलेली काचेची हंडी उचलली. खाली चोखणी होती.

"तो नमुना आहे," घड्याळजी म्हणाले. "तुलनेसाठी. न वापरलेलं रबर जवळ असावं लागतं."

सासूबाईंनी ती दोन बोटांत धरून सुनेकडे दिली. "माझ्या डोळ्यांना नीट दिसत नाही बाई. तू सांग, यावर काय आहे?"

"दातांच्या खुणा," सून म्हणाली. "आणि ओली आहे."

घड्याळजींनी भिंग डोळ्याला लावलं आणि कुणाचं तरी बंद घड्याळ उघडायला घेतलं. मग मान वर न करता म्हणाले, "तुम्ही सगळे दवाखान्यात गेला होतात. मी एकटा होतो. तिनं माझ्या धोतराला धरलं."

सासूबाईंनी हंडी पुन्हा जागेवर ठेवली.

गुन्हेगार सगळेच, तेव्हा शिक्षा कोण देणार? ठरलं ते एवढंच, की लपवाछपवी बंद. सगळ्या चोखण्या टेबलावर मांडायच्या, उकळायच्या आणि उद्या काय ते ठरवायचं. सोड्याच्या डब्यातली मूळची बावीस मिलिमीटरवाली निघाली. औषधांच्या खोक्यातली, पिशवीतली, हंडीखालची, अशा चार ओळीनं मांडल्या. कुणी गोल कापलेली, कुणी तिरकी.

तेवढ्यात गुणगुण जवळ आली. भुंगी खुर्चीवर चढली. समोर पाहिलं आणि गुणगुण थांबली.

तिची चोखणी जगात एकच होती. ती हरवायची, सापडायची, कधी आखूड व्हायची, कधी लांब, पण एकच. आणि आता समोर चार. तिनं तोंडातली काढली, ओळीत ठेवली. पाच. तिनं सगळ्यांच्या तोंडाकडे एकदा पाहिलं. मग पहिली उचलून चोखली. सोड्याची खारट. खाली ठेवली. दुसरी, डोळ्यांच्या मलमाच्या वासाची. तिसरीला पिशवीतल्या शाईचा वास. चौथीला दुकानातल्या तेलाचा. शेवटी मघाची स्वतःची पुन्हा घातली, गिऱ्हाइकासारखी मान वाकडी करून विचार केला आणि काढली.

"ही नाही," ती म्हणाली. "भुंगीची कुठाय?"

"यातलीच एक आहे ना, राणी," सून म्हणाली.

"ही नाही. ही पण नाही." तिचा आवाज चढला. "भुंगीची द्या!"

मूळची कुठली ते घरातल्या चारही मोठ्या माणसांना ठाऊक होतं आणि तीच तिनं सगळ्यात आधी नाकारली होती. ती रडली, पण ते हट्टाचं रडणं नव्हतं. फसवलेल्या माणसाचं होतं. रडून झाल्यावर ती खाटेखाली शिरून आपली खरी चोखणी शोधत बसली आणि तिथंच झोपली. एकोणतीस तारखेलाही शोध चालला. फडताळ, मोरी, आजीची उशी. तीस तारखेला ती कमी शोधत होती आणि जास्त बोलत होती. तोंड रिकामं झाल्याबरोबर तिला इतकं बोलायचं होतं, हे तोवर कुणाला माहीतच नव्हतं. महिना तीस दिवसांचा होता.

एक तारखेला बालवाडीच्या बाईंनी दारात "आ कर" म्हणून तोंड तपासलं आणि तिला आत घेतलं. भुंगीनं मागं वळूनही पाहिलं नाही. सूनच जरा फाटकापाशी रेंगाळली आणि मग तिची बस चुकायची वेळ आली म्हणून पळत सुटली. नऊला दोन मिनिटं असताना ती हेडफोन लावून बोर्डासमोर बसली होती.

सुनेनं तिथं एकतीस वर्षं काढली आणि सुपरवायझर होऊन निवृत्त झाली. परीक्षेतल्या दुसऱ्या नंबराची बाई पुढल्याच वर्षी लागली. ती ठेंगणी होती, तीन मुलांची आई होती आणि शेवटपर्यंत सुनेची जिवलग मैत्रीण राहिली. सासूबाईंचं ऑपरेशन उत्तम झालं. त्यानंतर त्यांना घरातली धूळ दिसू लागली आणि सगळ्यांच्या नाकी नऊ आले. औषधवाल्यांनी दुकान मुलाकडे सोपवलं; टाकून गेलेलं घड्याळ न्यायला मात्र त्यांना धीर यायला तब्बल दोन महिने लागले. बालवाडीच्या बाईंनी आणखी वीस वर्षं मुलांची तोंडं उघडून पाहिली. घड्याळजी ब्याऐंशीव्या वर्षी गेले. बॅटरीच्या घड्याळांना त्यांनी कधी हात लावला नाही. नवऱ्याला बढती मिळून तो ऑफिसात बसू लागला, पण जिन्याखाली वाकून बघायची सवय काही गेली नाही. भुंगी भूगोल शिकवते. मोठ्या वर्गांना, फार बोलते अशी तक्रार येईपर्यंत. यातलं तिला काहीच आठवत नाही, आणि कुणी सांगितलं तर घरातल्या मोठ्या माणसांनी असं वागावं यावर तिचा विश्वास बसत नाही.