स्टेपनीने पाहिलेली दरी

मित्रांनो, मी एक जुनी स्टेपनी आहे. मोटारीच्या डिकीत, सामानाखाली, अंधारात पडून असलेले जादा चाक म्हणजे मी. माझी चार भावंडे रोज रस्ता पाहतात आणि मी बॅगांचे तळ. कारखान्यात आम्ही पाचही जण एकाच साच्यातून निघालो, पण नशीब काही साच्यातून निघत नाही.

घरात माझी विचारपूस करणारे एकटे आजोबा. चाळीस वर्षे त्यांनी लोकांची पंक्चरे काढली. त्यांच्या दुकानातल्या कॅलेंडरवर एका तांबड्या दरीचे चित्र होते. वर्षे उलटली, तरी ते कॅलेंडर भिंतीवरून काही उतरले नाही. पुढे आजोबांची नजर अधू होत गेली. डॉक्टर म्हणाले, "जे पाहायचं ते लवकर पाहून घ्या." तेव्हा त्यांच्या लेकीने आठवड्याची रजा काढली, आपल्या छोट्या चिमीला मागे बसवले आणि आम्ही तीन राष्ट्रीय उद्याने पाहायला निघालो. ती दरी शेवटच्या उद्यानात होती.

रोज सकाळी आजोबा सगळे सामान उतरवून माझी हवा तपासत. लेक वैतागायची.

"बाबा, रोज काय हो तिचं? ती कुठे पळून चाललीये?"

"पळायची वेळ सांगून येत नाही," आजोबा म्हणत.

पहिल्या उद्यानातले तळे मी फक्त ऐकले. हजारो पक्षी एकदम उडाले, तेव्हा डिकीचा पत्रासुद्धा थरथरला. दुसऱ्या उद्यानातल्या उंच झाडांखाली तर सगळे इतके गप्प झाले, की गाडी सोडून गेले की काय असे मला वाटले.

शेवटच्या दिवशी दरी दहा किलोमीटरवर राहिली होती. तासाभरात उद्यानाचे फाटक बंद होणार होते आणि सकाळी परतायचे होते. तेवढ्यात पुढचे डावे चाक फुटले. लेकीने पान्यावर सगळा जोर लावला, पण नट काही सुटेना.

"सरक बाजूला," आजोबा म्हणाले. "याला डोळे लागत नाहीत."

त्यांनी चाचपत मला बसवले आणि मी धावले! माती, आकाश, माती, आकाश. मला गरगरले, पण थांबावेसे वाटेना.

गाडी काठाशी उभी राहिली. समोर जमीनच संपली होती. खाली एकाखाली एक तांबडे कडे, त्यांवर मावळतीचे ऊन आणि अगदी तळाशी दोऱ्याएवढी नदी. जग इतके मोठे आहे हे मला कुणी सांगितलेच नव्हते. मी भारावून गेले. आजोबांनी कपाळावर हात धरून दरी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली.

मग म्हणाले, "कॅलेंडरवाल्यानं फारच लहान छापलं होतं गं."

आता त्यांना काहीच दिसत नाही, आणि मी पुन्हा डिकीत आहे. माझी तक्रार नाही. मित्रांनो, तुमच्या गाडीतल्या स्टेपनीची हवा तेवढी पाहत जा. आमच्याकडे ते काम आता चिमी करते. आजोबा शेजारी उभे राहतात आणि माझ्या खाचांत अडकलेली तांबडी माती बोटांनी चाचपतात.

"हवा भर," ते तिला सांगतात, "पण हिला धुवू नकोस."