कंधारकर साहेबांची बढती

कंधारकर साहेबांची बढती झाली की सिंधू धसकायची. आता तुम्ही म्हणाल, नांदेडात पोरांचे डबे करणारी बाई, हिला न्यायाधीशाच्या बढतीचं काय एवढं? पण हिनं पेपरातली कात्रणं पिठाच्या डब्याखाली जपली होती. साहेब लातूरचे जिल्हा न्यायाधीश होते, ते औरंगाबादला हायकोर्टात गेले. तिथून परराज्यात मुख्य न्यायाधीश. आधी साहेबांचा हात जिल्ह्यापुरता पोचायचा, आता कुठंही पोचतो, एवढंच हिला कळायचं. मग ते रिटायर झाले. सुटले गं बाई, म्हणत तिनं मारुतीला नारळ फोडला. तर दोन वर्षांत साहेब राज्यपाल! घ्या!

त्र्याण्णव साली साहेबांनीच तिला हुकूम केला होता. नवरा मलप्पा लई मारायचा, म्हणून ती निलंग्याला आईकडं येऊन राहिली. त्यानं नांदायला येत नाही म्हणून केस टाकली. साहेबांनी चष्म्यावरून बघत सांगितलं, "अनंत चतुर्दशीला संध्याकाळपर्यंत सासरी हजर व्हायचं. संसार असे मोडत नसतात." सिंधूनं कागदावर सही केली. त्या दिवशी ती एसटीत बसलीसुद्धा. पण तेरणेकाठचं गाव जवळ येऊ लागलं तसा तिला मलप्पाचा मार आठवला. फाट्यावर उतरली आणि समोरून आलेल्या गाडीनं आईकडं परतली.

पहाटे जमीन हलली. सासरचं दगडमातीचं घर बसलं ते बसलंच. मलप्पा, सासू, दीर, कुणी उरलं नाही.

लोक म्हणाले, नशीबवान गं तू. हिच्या डोक्यात मात्र एकच किडा: सही करून कोर्टाचा हुकूम मोडला. कुणा वकिलाला विचारावं तर सगळं सांगावं लागणार. म्हणून तिनं तोंड मिटलं आणि नांदेड गाठलं. त्यानंतर सतरा वर्षं लातूरच्या वेशीत पाय ठेवला नाही. लेक विशाखा दोन वर्षं तिथं क्लासला होती, तेव्हा फराळाचा डबासुद्धा ड्रायव्हरच्या हाती धाडायची.

आणि आता विशाखाचा मेडिकलला नंबर लागला. क्लासवाल्यांनी लातुरात सत्कार ठेवला, पालकांसकट. पत्रिकेत पाहुण्यांचं नाव बघते तर कंधारकर साहेब!

"मला कणकण हाय. तू जा."

"आई, नाटकं करू नको. लोकांच्या आया येऊन राहिल्या, अन् माझीच न्हाई?"

गेली बिचारी. काय करते? साऱ्या वाटेनं एकच भीती, साहेबांनी ओळखलं तर पोरीची सीट जाणार. हुकूम मोडणाऱ्या बाईच्या लेकीला सरकार डॉक्टर करतं होय?

हॉलच्या दारात पोलीस बघून ती मागं फिरलीच होती, विशाखानं दंड धरून आत नेलं. माईकवर नाव पुकारलं, गावासकट. विशाखा मलप्पा अमुक, राहणार नांदेड, मूळ गाव तेरणेकाठचं तमुक. मंचावरच्या राज्यपालांनी मान वर केली. तोच चष्मा. सिंधूनं पदर नाकापर्यंत ओढला आणि पायऱ्या चढली.

साहेबांनी शाल उचलली आणि तसेच थांबले.

"तुम्ही सिंधू ना? मलप्पाच्या?"

संपलं! सिंधूनं हात जोडले. "साहेब, माझं चुकलं. न्हाई गेले मी त्या दिवशी. फाट्यावरच उतरले. मला काय करायचं ते करा, पण पोरीची सीट काढू नका. पाया पडते."

तिनं भीत भीत वर बघितलं तर म्हातारा तिच्याहून जास्त घाबरलेला.

"गेला नव्हता तुम्ही?" ते कसंबसं बोलले. "मी स्वतः गेलो होतो त्या गावात. तुमच्या घराचा ढिगारा बघितला. गावानं सांगितलं, त्या घरातलं कुणी उरलं नाही. मीच धाडलं होतं तुम्हाला. झोपेत अजून तुम्ही सही करताना दिसता, बाई. आज गावाचं नाव ऐकलं आणि वाटलं, कुणीतरी जाब विचारायला आलं."

"मग केस?"

"कसली केस! तो हुकूम मोडला म्हणून अटक नसतेच. आणि हुकूमच चुकला होता."

सिंधूला हसावं का रडावं कळेना. सतरा वर्षं, अरे देवा, सतरा वर्षं फुकट भ्याली! तिनं पदर मागं घेतला.

माईकवाला घाई करत होता. साहेबांनी शाल तिच्या खांद्यावर घातली, मग विशाखाकडं बघितलं.

"ही मलप्पाची? पण तेव्हा तर तुम्हाला मूल नव्हतं."

"व्हय साहेब. मलप्पाचीच. तेव्हा पोटात होती, पाच महिन्यांची."

साहेब मागच्या खुर्चीत मटकन बसले. लिहून आणलेलं भाषण हातातच राहिलं. टाळ्या वाजत होत्या, फोटोवाला "साहेब, इकडं बघा" म्हणत होता, आणि ते विशाखाकडंच बघत होते.

"आई, काय झालं यांना?" विशाखानं घाबरून विचारलं.

"पाणी दे त्यांना आधी," सिंधू म्हणाली. "मग सांगते तुला सगळं."